रँडी बॅस: अमेरिकेत १३० सामने, जपानमध्ये दोन ट्रिपल क्राउन

पहिला_बेस

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉलवर फारसं लिहिलं जात नाही, पण रँडी बॅसची कारकीर्द गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसली आहे, म्हणून हा धागा. क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो. अडलं तर बिनधास्त विचारा.

आधी आकडे बघा. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये १९७७ ते १९८२ या सहा हंगामांत मिळून १३० सामने, सरासरी .२१२, होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला षटकारच म्हणा) ९. जपानमध्ये १९८३ ते १९८८ या सहा हंगामांत ६१४ सामने, सरासरी .३३७, होम रन २०२. (बेसबॉलची सरासरी म्हणजे हजार प्रयत्नांत किती हिट. .३०० म्हणजे उत्तम, .२१२ म्हणजे संघातली जागा धोक्यात.)

हे दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक लोक एकच अर्थ लावतात: गडी अमेरिकेत चालला नाही, मग सोप्या लीगमध्ये जाऊन चमकला. मला हे अजिबात पटत नाही. सहा हंगामांत १३० सामने! म्हणजे हंगामाला सरासरी बावीस. आज खेळव, आठवडाभर बसव, परत खाली पाठव. त्याला अमेरिकेत कुणी सलग खेळवलंच नाही आणि जपानमध्ये खेळवलं, एवढाच माझा मुद्दा आहे.

बॅसचा जन्म १३ मार्च १९५४चा, ओक्लाहोमा राज्यातल्या लॉटनचा. १९७२च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मिनेसोटा ट्विन्सने त्याला सातव्या फेरीत घेतलं. शाळा संपते न संपते तोच पोरगा मायनर लीगमध्ये दाखल.

मायनर लीग म्हणजे मेजर संघाच्या खालची उतरंड. सगळ्यात खाली रूकी, मग ए, डबल ए, ट्रिपल ए. प्रत्येक पायरीवर छोट्या शहरातला एक संघ, रात्र रात्र बसचा प्रवास, तुटपुंजा पगार. यातली खरी मेख अशी की खेळाडूचा करार वरच्या क्लबच्या हातात असतो. वरच्या संघात तुमची जागा रिकामी नसेल, तर खाली तुम्ही कितीही चेंडू मैदानाबाहेर मारा, तिथेच राहायचं. आणि बॅस पायाने मंद. त्याला उभं करायची जागा मुख्यतः एकच, पहिला बेस.

आता त्याचं नशीब बघा. १९७७ साली ट्विन्सकडून तो ९ सामने खेळला. त्या वर्षी ट्विन्सच्या पहिल्या बेसवर कोण होतं? रॉड करू. सरासरी .३८८, त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तेवीस वर्षांच्या पोराने त्याला हलवायचं कसं? पुढे कॅन्सस सिटी रॉयल्सकडे २ सामने. मग माँट्रियल एक्सपोजकडे २ सामने. माँट्रियलच्या खालचा ट्रिपल ए संघ होता डेन्व्हर बेअर्स. १९८० साली बॅसने तिथे .३३३च्या सरासरीने ३७ होम रन मारले आणि १४३ धावा आणल्या (म्हणजे त्याच्या फटक्यांवर संघाच्या तेवढ्या धावा झाल्या). लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी माँट्रियलच्या पहिल्या बेसवर वॉरन क्रोमार्टी होता. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

तिथून सॅन डिएगो पाद्रेस. १९८१मध्ये तिथे ६९ सामने मिळाले, त्याच्या मेजर लीगमधल्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा आकडा. सरासरी वाईट होती, मी नाकारत नाही. १९८२मध्ये टेक्सास रेंजर्सकडे १६ सामने झाले आणि अमेरिकेतला हिशेब मिटला. वय अठ्ठावीस, घरी बायको आणि लहान मूल. अशा वेळी ओसाकाजवळच्या हानशिन टायगर्सचं बोलावणं आलं.

जपानमध्ये तेव्हा मुख्य संघात दोनच परदेशी खेळाडू चालत. म्हणजे आणलेला माणूस बाकावर बसवायला कुणालाच परवडायचं नाही. मारलं नाही तर पुढच्या विमानाने घरी, पण तोपर्यंत रोज खेळायचं. बॅसला आठ-दहा वर्षांत जे मिळालं नव्हतं ते हेच. पहिल्याच वर्षी ३५ होम रन. दुसऱ्या वर्षी सरासरी .३२६.

नावाची गंमतही सांगतो. जपानी उच्चारात 'बॅस' आणि 'बस' दोन्ही 'बसु' होतात. हानशिन ही मूळ रेल्वेची कंपनी, तिच्या बसगाड्याही धावायच्या. उद्या हा चालला नाही तर पेपरात 'हानशिनची बस बंद पडली' असे मथळे येतील, या धास्तीने क्लबने त्याचं नाव 'बाऽसु' असं लांबवून नोंदवलं.

आणि मग १९८५. १७ एप्रिल, कोशिएन मैदान, समोर टोकियोचे योमिउरी जायंट्स, म्हणजे हाडवैरी. सातवी इनिंग, दोन बाद, हानशिन १-३ असे मागे, दोन खेळाडू बेसवर. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हिरोमी माकिहारा. बॅसने सेंटरवरून, म्हणजे समोर मधोमध, चेंडू थेट बॅकस्क्रीनकडे (तिथल्या स्टँडमधल्या गडद पडद्याकडे) धाडला, ४-३. पाठोपाठ त्याच्यानंतर येणाऱ्या काकेफूने होम रन मारला. पाठोपाठ ओकादाने. तिघांनी लागोपाठ, तिन्ही सेंटरच्याच दिशेने. जपानमध्ये आजही 'बॅकस्क्रीन, लागोपाठ तीन' एवढं म्हटलं की माणसं तारखेसकट सांगतात.

त्या हंगामात बॅस .३५०, ५४ होम रन, आणलेल्या धावा १३४. तिन्हीत लीगमध्ये पहिला, म्हणजे ट्रिपल क्राउन. हानशिनने २१ वर्षांनी लीग जिंकली आणि नंतर सेइबू लायन्सला ४-२ हरवून आयुष्यातली पहिली जपान सिरीज, म्हणजे जपानच्या दोन लीगच्या विजेत्यांमधली मालिका, घेतली. क्लबची स्थापना १९३५ची, म्हणजे पन्नास वर्षांची वाट. पहिल्या तिन्ही सामन्यांत बॅसचा होम रन आहे, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

१९८६मध्ये पुन्हा ट्रिपल क्राउन. ४७ होम रन, १०९ धावा आणि सरासरी .३८९. हा जपानचा विक्रम आज इतक्या वर्षांनीही कायम आहे, जपानचा नामांकित बॅटर इचिरोसुद्धा २००० साली .३८७वर थांबला. आणि ज्या रॉड करूमुळे जागा मिळाली नव्हती त्याचा आकडा वर बघा, .३८८. लीग वेगळी, मला मान्य आहे. तरी हे दोन आकडे शेजारी वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

अजून बरंच आहे. प्रतिसादांत लिहीन.

सातपुड्याचा

फार सुंदर. आम्ही जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, त्यामुळे बेस, पिचर, कॅचर हे शब्द वाचूनच हात शिवशिवले.

एक शंका. ५४ होम रन म्हणजे विक्रम होता का? आणि एवढा मारणारा समोर असताना पिचर त्याला सरळ चार बॉल टाकून पहिल्या बेसवर का पाठवत नव्हते? आमचे सर तरी तेच करायला लावायचे.

पहिला_बेस

@सातपुड्याचा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पिचर त्याला सहसा का टाळत नव्हते, ते आधी सांगतो. बॅस तिसऱ्या क्रमांकावर यायचा. चौथा काकेफू, त्या वर्षी ४० होम रन. पाचवा ओकादा, ३५. पहिला येणारा मायुमी, ३४. बॅसला फुकट बेस दिला तर पुढे काकेफू उभा. व्यवस्थापक योशिओ योशिदांनी रचलेला हा क्रम म्हणजे बॅसला दिलेलं संरक्षणच होतं. अमेरिकेत त्याच्या मागे असं कुणी उभं करायचा प्रश्नच आला नाही.

आता विक्रम. जपानचा हंगामी विक्रम होता ५५, सादाहारू ओह यांचा, १९६४ सालचा. बॅस ५४वर पोहोचला तेव्हा दोन सामने उरले होते आणि दोन्ही जायंट्सशी. जायंट्सचे व्यवस्थापक कोण? स्वतः ओह. शेवटच्या सामन्यात बॅसला चार वेळा वॉक, म्हणजे तोच फुकट बेस, मिळाला. मारण्याजोगा चेंडूच कुणी टाकेना. एकदा त्याने लांब बाहेरच्या चेंडूला बॅट ताणून पोहोचवली आणि एक हिट काढला. विक्रम तिथेच राहिला.

आपण असा आदेश दिला नव्हता, असं ओह यांनी सांगितलं. पण त्या वेळी जायंट्सकडे असलेला अमेरिकन पिचर कीथ कॉमस्टॉक याने नंतर सांगितलं की बॅसला स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा सरळ चेंडू, टाकाल तर दर स्ट्राइकमागे हजार डॉलर दंड, असं एका प्रशिक्षकाने बजावलं होतं. ओह यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ८६८ होम रनचा माणूस. तरी त्या दिवशी त्यांनी आपल्या पिचरना 'सरळ टाका' असं मोठ्याने सांगायला हवं होतं, असंच मला वाटतं.

पुढे टफी ऱ्होड्स २००१मध्ये ५५वर अडकला, अलेक्स काब्रेरा २००२मध्ये ५५वर. हा विक्रम शेवटी २०१३मध्ये याकुल्ट संघाच्या व्लादिमिर बालेंटिएनने मोडला, ६० होम रन. तोही मेजर लीगमध्ये जागा पक्की न झालेलाच, कुरासाओ बेटावरचा.

आकडेवाला

लेख आवडला, पण विरुद्ध बाजूही यायला हवी.

१) डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. हवा विरळ, चेंडू लांब जातो. तिथले ३७ होम रन जसेच्या तसे धरता येत नाहीत.

२) कोशिएनला तेव्हा 'लकी झोन' होता. १९४७पासून डाव्या-उजव्या बाजूला मूळ भिंतीच्या आत जाळीचं कुंपण घातलेलं. तो काढला १९९१च्या हंगामानंतर. बॅसचे काही होम रन आजच्या कोशिएनमध्ये झेल ठरले असते.

३) १९८५ आणि १९८६ या दोन्ही वर्षी दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे पॅसिफिकमध्ये, हिरोमित्सु ओचिआइनेही ट्रिपल क्राउन घेतला. दोन वर्षं, दोन लीग, चार ट्रिपल क्राउन. याचा अर्थ तो काळ बॅटरना अनुकूल होता.

बॅस मोठा होताच. पण 'अमेरिकेने अन्याय केला' इथपर्यंत मी जाणार नाही. १९८१मध्ये ६९ सामने मिळाले होते ना?

निशिनोमिया_लोकल

मी गेली अकरा वर्षं हानशिन रेल्वेच्या मार्गावर राहते, कोशिएन स्टेशनपासून दोन थांबे. नवऱ्याची नोकरी इथली. बेसबॉलचा ओ की ठो कळत नव्हता, आता पिवळा-काळा शर्ट घालून जाते.

@आकडेवाला, लकी झोनचं खरं आहे, पण वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही, ते मी लिहिते. इथे दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. त्याला हामाकाझे म्हणतात, किनाऱ्यावरचा वारा. तो मैदानावर उजवीकडून डावीकडे वाहतो. आम्ही बसतो उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये, घोषणा देणारे सगळे तिथेच. बॅटवरून चेंडू सुटतो, आवाज ऐकून सगळे उभे राहतात, आता आमच्याकडे येणार म्हणून हात वर होतात, आणि चेंडू हवेत असा थबकल्यासारखा होऊन अलीकडेच पडतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं बघण्यात. शेजारचे आजोबा नुसते वर झेंड्याकडे बोट दाखवून बसले.

डावखुऱ्या बॅटरचा नैसर्गिक फटका उजवीकडेच जातो. म्हणजे हा वारा डावखुऱ्यांचा शत्रू. आणि बॅस डावखुरा. तो काय शिकला, तर चेंडू थोडा उशिरा घ्यायचा आणि उलट्या बाजूला, डावीकडे, उंच उचलून वाऱ्यावर सोडायचा. त्याच आजोबांनी मला हातातल्या मिटलेल्या छत्रीने दाखवलं होतं. कोपर अंगाशी धरून, चेंडू जवळ येईपर्यंत वाट बघत, मग छत्री डावीकडे फिरवली. त्यांचं वय ऐंशीच्या आसपास असेल, पण ते करताना त्यांची पाठ एकदम ताठ झाली होती. पावसाळ्याचे दिवस होते, छत्रीतलं पाणी माझ्या डब्यात उडालं, तर केवढी माफी मागितली त्यांनी.

तेव्हा वारा आणि लकी झोन सगळ्यांनाच होते, त्यांचा उपयोग करून घ्यायला बॅस शिकला. तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आपला फटका बदलणं सोपं नसतं.

पहिला_बेस

@निशिनोमिया_लोकल ताई, किती छान लिहिलंत! छत्रीचं तर डोळ्यांसमोर उभं राहिलं.

@आकडेवाला, तुमचे तिन्ही मुद्दे मान्य. १९८१च्या ६९ सामन्यांचंही मान्य, तिथे त्याने संधी घालवली असं म्हणता येईल. पण 'सोपी लीग' या मुद्द्यावर एक उदाहरण देतो.

सेसिल फील्डर. टोरांटो ब्लू जेजकडे चार हंगामांत मिळून ३१ होम रन. पहिल्या बेसवर फ्रेड मॅकग्रिफ असल्यामुळे हा अधूनमधून खेळायचा. १९८८नंतर टोरांटोने त्याला कुणाला विकलं? हानशिन टायगर्सला. बॅस गेल्यावर रिकामी झालेली जागाच त्याला मिळाली. १९८९मध्ये रोज खेळून ३८ होम रन. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत परतला, डेट्रॉइटकडून, आणि १९९०मध्ये मेजर लीगमध्ये मारले ५१. त्या वर्षी दोन्ही लीग मिळून इतके कुणीच मारले नाहीत.

फील्डर एका वर्षात वेगळा माणूस झाला नव्हता. रोज खेळायला मिळालं, वाकडे चेंडू रोज बघायला मिळाले, आणि परतल्यावर डेट्रॉइटनेही रोज खेळवलं. बॅसला असं परत बोलावणं आलं नाही, एवढाच फरक.

आकडेवाला

फील्डरचं उदाहरण बिनतोड आहे, मानलं. पण एकट्यावरून नियम होत नाही. एका हंगामात गाशा गुंडाळून परत गेलेले अमेरिकन बॅटर बरेच आहेत. त्यांनाही रोजच खेळवलं होतं.

पहिला_बेस

हो, म्हणूनच बॅसचं मोल जास्त. बाकीचे त्याच मैदानावर, त्याच वाऱ्यात नापास झाले. अमेरिकेतून आलेल्या कित्येकांना सरावाचे लांबलचक तास, पिचरची बाहेर-बाहेर टाकायची पद्धत, सगळ्याचा राग यायचा. बॅस संघात मिसळला. कावातो नावाच्या खेळाडूशी त्याची घट्ट मैत्री, त्याच्याबरोबर तो जपानी बुद्धिबळ, म्हणजे शोगी, खेळायचा. समोर बसून सोंगट्या हलवणाऱ्या परदेशी माणसाला संघ आपला मानतोच.

आणि वर क्रोमार्टीचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. १९८०मध्ये ज्याच्यामुळे बॅस डेन्व्हरला अडकला तो क्रोमार्टी १९८४पासून जायंट्सकडे आला, १९९०पर्यंत खेळला. तोही तिथे मोठाच झाला. म्हणजे माँट्रियलच्या एका जागेसाठीचे दोन उमेदवार, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या सगळ्यात मोठ्या वैरात एकमेकांसमोर.

शिवाजी_पार्क_कट्टा

बेसबॉल कळत नाही पण रॉड करूचं वाचून पद्माकर शिवलकरच आठवले. ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी. बेदी कमी होते असं कोण म्हणेल? आणि शिवलकर कमी होते असं तरी कोण म्हणेल? जागाच एक.

पहिला_बेस

अगदी. फक्त एक लक्षात घ्या, पॅडींना, म्हणजे शिवलकरांना, निदान मुंबई होती. वर्षानुवर्षं रणजीत मानाने गोलंदाजी टाकली, अख्खं मैदान त्यांना ओळखायचं. ट्रिपल ए संघाला असं स्वतःचं काही नसतं. तिथला चांगला खेळाडू वर जावा एवढ्यासाठीच तो संघ असतो. तिथे अडकलेल्याला लोक 'खालचा राजा' म्हणून विसरून जातात.

मुक्ता_वि

सगळं एका बैठकीत वाचलं. पण १९८८मध्ये तो फक्त २२ सामने खेळलेला दिसतो. सरासरी तेव्हाही .३२१. मग सोडलं का? दुखापत?

पहिला_बेस

@मुक्ता_वि, दुखापत नाही. हे लिहायला जड जातं, पण लिहितो.

१९८८च्या मे महिन्यात त्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, झॅकच्या, मेंदूत गाठ निघाली. बॅस त्याला घेऊन अमेरिकेला गेला, सॅन फ्रान्सिस्कोत उपचार सुरू झाले. क्लबने परतायची तारीख दिली होती, जूनच्या मध्याची. मुलगा दवाखान्यात असताना बॅस त्या तारखेला परतला नाही. क्लबने जूनअखेर त्याला संघातून काढलं. दोन ट्रिपल क्राउन मिळवून देणाऱ्या माणसाला.

त्यातून वाद पेटला. कुटुंबाच्या आजारपणाचा खर्च क्लबने करायचा, असं करारात होतं आणि क्लबने त्यासाठी विमाच उतरवला नव्हता. एका बाजूला क्लबचे मालक, दुसऱ्या बाजूला बॅस, मध्ये सापडले नवे जनरल मॅनेजर शिंगो फुरुया. जुलै १९८८मध्ये त्यांनी टोकियोत आत्महत्या केली. त्यांच्याही घरी बायको-मुलं असणार. बॅसच्या कथेत हे पान लोक भराभर उलटतात. मला तसं करता येत नाही.

झॅक वाचला. बॅस चौतीसाव्या वर्षी थांबला तो थांबलाच, व्यावसायिक बेसबॉल पुन्हा खेळला नाही.

मुक्ता_वि

वाचून हात थांबले माझे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचं ऑपरेशन झालं होतं. मी तेव्हा जिथे कामाला होते तिथून रजेचा अर्ज दोनदा परत आला, 'तारीख पुढे ढकलता येते का बघा' असं लिहून. तिसऱ्यांदा अर्ज केलाच नाही, सरळ दवाखान्यात जाऊन बसले. तिथल्या बाकड्यावर बसल्यावर नोकरीचा विचार डोक्यात येतच नाही, खरंच सांगते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि ते लोटणारं दार, एवढंच दिसतं. त्याने केलं ते योग्यच केलं. आणि फुरुया यांच्या घरच्यांसाठीही फार वाईट वाटलं.

निशिनोमिया_लोकल

@मुक्ता_वि ताई, मुलगा बरा आहे ना आता?

मुक्ता_वि

हो, एकदम ठणठणीत. यंदा बारावी.

सातपुड्याचा

दोतोंबोरीच्या पुतळ्याचं ऐकलं होतं, त्याचा बॅसशीच संबंध आहे ना? कुणीतरी नीट सांगा.

निशिनोमिया_लोकल

मी सांगते, इथे तर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. १६ ऑक्टोबर १९८५ला लीग जिंकल्यावर ओसाकातल्या एबिसुबाशी पुलावर तुडुंब गर्दी जमली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, गर्दीत त्याच्यासारखा दिसणारा असेल त्याने खालच्या दोतोंबोरी कालव्यात उडी मारायची. बॅसचं नाव आलं. दाढीवाला गोरा माणूस आणायचा कुठून? मग जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून त्यालाच पाण्यात टाकलं.

पुढे हानशिनला जपान सिरीज काही जिंकता येईना, आणि लोक म्हणू लागले कर्नलचा शाप लागला. १० मार्च २००९ला कालव्याच्या कामात आधी वरचा भाग सापडला, दुसऱ्या दिवशी पाय आणि उजवा हात. चष्मा आणि डावा हात मिळालाच नाही. २०२४मध्ये, पुतळा फारच जीर्ण झाला म्हणून, विधिवत पूजा करून त्याला निरोप दिला. मला यात सगळ्यात भावतं ते हे की एखाद्या वस्तूलाही मीठ आणि साके ठेवून हात जोडतात. आपल्याकडे जुनी मूर्ती विसर्जन करताना करतो तसंच.

आणि बॅसला इथे 'बाऽसु-सामा' म्हणायचे. देव, बुद्ध आणि बाऽसु, तिघांना एकाच दमात हाक.

आकडेवाला

आणि शेवटी २०२३. त्याच वर्षी जानेवारीत बॅसची जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, अलेक्स रामिरेझबरोबर. आणि नोव्हेंबरमध्ये हानशिनने ओरिक्सला ४-३ हरवून ३८ वर्षांनी जपान सिरीज जिंकली. व्यवस्थापक होते ओकादा, १७ एप्रिलच्या त्या तिघांतले तिसरे. मधल्या काळात बॅस ओक्लाहोमाच्या राज्य सिनेटवर निवडून गेला होता, २००४ला, आणि २०१८पर्यंत होता. लॉटनचाच प्रतिनिधी.

@पहिला_बेस, माझं मत सगळं बदललं नाही, पण 'सोपी लीग' म्हणणाऱ्यांत मी नाही.

निशिनोमिया_लोकल

५ नोव्हेंबर २०२३. अंतिम सामना ओसाकाच्या डोममध्ये होता, तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. घराखालच्या छोट्या खानावळीत टीव्हीसमोर आम्ही वीसेक जण दाटीवाटीने उभे. शेवटचा बाद झाला तेव्हा तव्यावरचं ओकोनोमियाकी करपून गेलं, मालकीणबाईंनी पलटलंच नाही, नुसत्या रडत होत्या. १९८५ला त्या नववीत होत्या. भिंतीवर त्यांनी एक जुना फोटो लावलाय, दाढीवाला, ४४ नंबरचा.

सातपुड्याचा

काल रात्री १९८५ची ती सातवी इनिंग शोधून पाहिली. बायकोला आणि मुलीलाही बसवलं. मुलीने विचारलं, तिघांनी एकाच ठिकाणी कसं मारलं? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून पुन्हा लावली. रविवारी तिच्यासाठी सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह बघायला जातोय. डाव्या हाताने खेळणाऱ्यांसाठीचा जळगावात कुठे मिळतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.